माप घेताना

सकाळचा चहा झाला की मास्तरांचा डावा हात काकूंच्या ताब्यात जायचा. मग त्या हातावर खुद्द मास्तरांचाही काही हक्क उरायचा नाही. काकू बाही वर सारायच्या, पट्टा गुंडाळायच्या, नळीला पीळ पडला असेल तर सोडवायच्या आणि बटण दाबून समोरच्या स्टुलावर बसायच्या. पट्टा घुरघुरत फुगायला लागला की म्हणायच्या, "बोलू नका." मास्तर मुळात बोलतच नसायचे. "हलू नका." मास्तर हलतही नसायचे. पण सांगितल्याशिवाय काकूंना चैन पडायचं नाही. सांगून झालं की त्या श्वास रोखून मास्तरांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायच्या.

मग आकडा यायचा आणि तो कधीच चांगला नसायचा.

"एकशे सत्तर," काकू म्हणायच्या. "कालच्यापेक्षा जास्त आहे. रात्री वरून मीठ घेतलंत ना? घ्या अजून."

"अगं, चिमूटभर घेतलं."

"दादाही चिमूटभरच घेत होते."

दादांचं नाव निघालं की बोलणं तिथेच थांबायचं. मास्तर बाही खाली करून पडद्यापलीकडे दुकानात जायचे आणि काकू कपबशा जरा जास्तच आवाज करत विसळायच्या.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार आणि मधे एक जाड पडदा, तोही मास्तरांनीच शिवलेला. मास्तर माप घ्यायचे आणि कापड कापायचे. काकू काज करायच्या, गुंड्या लावायच्या आणि कोट उद्याच पाहिजे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांशी भांडायच्या. ही वाटणी कुणी बसून केलेली नव्हती, पण ती इतकी पक्की होती की काकूंनी कधी कात्रीला हात लावला नाही आणि मास्तरांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. नाही म्हणण्याचं काम काकूंचं, आणि ते त्या मन लावून करायच्या. गिऱ्हाइकं त्यांना काकू म्हणायची आणि मनातून टरकून असायची.

मास्तरांची माप घ्यायची एक तऱ्हा होती. टेप बघितला की माणूस बदलतो, हे त्यांना उभ्या जन्मात पाठ झालं होतं. पोक काढून आलेला ताठ होतो, ढेरपोट्या पोट आत घेतो, खांदे पाडून चालणारा एकदम सेनापती होतो. त्या मापाने कोट शिवला की घरी गेल्यावर गुंडी लागत नाही, आणि बोल मास्तरला. म्हणून मास्तर टेप गळ्यातच ठेवायचे, पेन कानावर, आणि गप्पा काढायचे. "तुमच्या धाकट्याचं कॉलेज काय म्हणतं?" असं काहीतरी. माणूस बोलण्यात रंगला, पोट सुटलं, खांदे आपल्या जागी आले, की टेप गुपचूप फिरायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं अजून सुरुवातच व्हायची आहे, आणि तोवर इकडे काम झालेलं असायचं.

दादा म्हणजे मास्तरांचे थोरले भाऊ. दुकान मुळात त्यांचं. तीन वर्षांपूर्वी एका भर दुपारी ते कटाईच्या टेबलापाशी उभे होते, हातात खडू होता, आणि काकूंशी कसल्याशा कारणावरून थट्टा चालली होती. बोलता बोलता त्यांचा एक शब्द अर्धाच राहिला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि ते टेबलावरचं सगळं कापड घेऊन खाली आले. मास्तर बाहेर अस्तर आणायला गेले होते. ते परत आले तेव्हा काकू जमिनीवर बसल्या होत्या, दादांचं डोकं मांडीवर होतं, आणि त्या दारातून आत येणाऱ्या मास्तरांकडे बघत होत्या. बीपी होतं म्हणे, कितीतरी वर्षांचं. गोळ्या लिहून दिल्या होत्या, पण त्या त्यांनी कधी घेतल्याच नाहीत. दादा त्यातून उठलेच नाहीत.

सगळीच्या सगळी नाती एकाच माणसात बघणारी काही माणसं असतात, तशा काकू दादांना मानायच्या. दीर, थोरला भाऊ, थट्टेचा धनी, सगळं तेच. ते गेल्यावर आठवड्याभरात घरात बीपीचं यंत्र आलं. हा माणूस मी तसा जाऊ देणार नाही, असं त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. पण घरातल्या मिठाच्या बरणीपासून ते मास्तरांच्या सदऱ्याच्या बाहीपर्यंत सगळ्यांना ते कळून चुकलं.

घराजवळच्या जुन्या डॉक्टरांना दोघंही आपले डॉक्टर म्हणायचे. काकू तिथे आकडे तोंडपाठ घेऊन जायच्या. डॉक्टर स्वतःही मास्तरांचं बीपी घ्यायचे, काकू मास्तरांच्या खांद्याशी उभ्या असायच्या, आणि तिथेही आकडा चढलेलाच असायचा. सकाळची गोळी होतीच. मग रात्रीची एक सुरू झाली. काही महिन्यांनी रात्रीची दुप्पट झाली. जेवण झालं की काकू पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन समोर उभ्या राहायच्या, आणि गिळल्याचं कंठावर दिसल्याशिवाय हलायच्या नाहीत.

डोळ्यांचं दुखणं मधेच उपटलं. चष्म्याचा नंबर काढायला म्हणून मास्तर गेले आणि काचबिंदू घेऊन परत आले. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कमी बोलायच्या, पण बोलायच्या ते समजेल असं. डोळ्यातला दाब वाढलाय, त्याने दृष्टीची नस हळूहळू मरते, कडेकडेचं दिसेनासं होतं, गेलेलं परत येत नाही, पण थेंब नेमाने टाकले तर उरलेलं टिकतं. एवढं सांगून त्यांनी थेंब लिहून दिले. दाब चटकन उतरला. पुढच्या तपासणीतही उतरलेलाच होता. काकूंचा जीव भांड्यात पडला. एका दुखण्याने तरी घरात शहाण्यासारखं वागायचं ठरवलं होतं.

पण मास्तर डावीकडचं विसरायला लागले.

म्हणजे आधी काकूंना ते विसरणंच वाटलं. डावीकडे ठेवलेली कात्री ते उजवीकडे शोधायचे. डावीकडून आलेल्या गिऱ्हाइकाने नमस्कार केला तर यांचं लक्षच नसायचं. मास्तरांना आजकाल शिष्टपणा आलाय, असं एकदोघं बोलून गेले. मग एकदा त्यांनी कोटाचा डावा पल्ला कापताना खालचं दुमडलेलं कापडही कापलं. चांगलं उंची कापड होतं. मास्तर त्या दोन तुकड्यांकडे बघत कितीतरी वेळ उभे राहिले. त्यांच्या हातून असं कापड कधी गेलं नव्हतं. काकूंनी गिऱ्हाइकाला काहीतरी थाप मारली आणि कापड भरून दिलं, पण मास्तरांचा उतरलेला चेहरा त्यांना झोपेतही दिसत राहिला.

डोळ्यांच्या दवाखान्यात ठिपक्यांची तपासणी पुन्हा झाली. एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसायचं, समोरच्या खुणेवरून नजर हलवायची नाही, आणि कडेला कुठे प्रकाशाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. काकू दाराबाहेर बसून ते बटण ऐकत होत्या. टक, टक, मग बराच वेळ काही नाही. टक. पुन्हा काही नाही. गेल्या वेळेपेक्षा हे काही नाही फार लांबलं होतं. काकूंनी पिशवीचे बंद हातात घट्ट धरले.

"दाब अगदी छान आहे," डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या. "पण नजर आकसतेय. असं व्हायला नको होतं. थेंब रोज पडतायत ना?"

"रोज," मास्तर म्हणाले.

काकू तिथे गप्प बसल्या. रस्त्यात मात्र त्यांचा बांध फुटला. "खरं सांगा. टाळता ना थेंब? चुरचुरतात म्हणून टाळता. लहान पोरासारखे. दादांनी गोळ्या टाळल्या, तुम्ही थेंब टाळा. तुम्ही दोघा भावांनी मिळून माझा छळच मांडलाय."

"टाकतो गं," मास्तर म्हणाले. "रोज टाकतो."

"मग नजर कुठे जाते?"

मास्तर काकूंच्या उजव्या बाजूने चालत होते, म्हणजे काकू त्यांच्या डावीकडे होत्या, आणि बोलणाऱ्या बायकोकडे बघायचं तर त्यांना मान पुरती वळवावी लागत होती. काकूंना वाटलं, खोटं बोलणारा माणूस बघा कसा अवघडून बघतोय. त्या दिवसापासून थेंबांची बाटली काकूंच्या कनवटीला गेली. काकू स्वतः मास्तरांची मान मागे करून, पापणी ओढून थेंब टाकायला लागल्या. एकही थेंब गालावर ओघळू द्यायच्या नाहीत. आता बघू म्हणाल्या, कशी जाते नजर.

पुढच्या तपासणीत ती आणखी गेली होती.

डॉक्टरीणबाई बराच वेळ संगणकाच्या पडद्यावरच्या काळ्या डागांकडे, म्हणजे गेलेल्या नजरेकडे, बघत बसल्या. मग त्यांनी खुर्ची वळवली. "हे असंच चालू राहिलं तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल. आणि तेही करून उपयोग किती, ते मी आत्ता सांगू शकत नाही, कारण दाब आधीच खाली आहे. कापायचं काम किती दिवस जमेल हेही मला सांगता यायचं नाही. मधली नजर शाबूत आहे तोवर ठीक. ती गेली तर..." त्यांनी वाक्य तिथेच ठेवलं.

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. आता तर टाळल्याचं खापर फोडायलाही कुणी नव्हतं. थेंब त्यांनी स्वतःच्या हाताने टाकले होते.

"एक विचारू?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सकाळी उठल्यावर चक्कर येते का?"

"येते," मास्तर म्हणाले. "थोडी. दाराला धरून उभा राहतो, मग जाते."

"मला कधी बोलला नाहीत!" काकू म्हणाल्या.

"तू लगेच पट्टा लावला असतास."

"लावणारच. बीपी आहे त्यांना, डॉक्टर. फार वर असतं. मी रोज बघते. रात्रीची गोळी दुप्पट केलीय, तरी सकाळी बघावं तर एकशे सत्तर."

"रात्रीची गोळी," डॉक्टरीणबाईंनी तेवढंच उचललं. "हे तुम्ही मला आधी सांगितलं नव्हतं. चूक माझी, मीच विचारायला हवं होतं." मग त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. डोळ्याच्या आत स्वतःचा एक दाब असतो. अंगातलं रक्त त्या दाबाला रेटून आत शिरतं, तेव्हा कुठे दृष्टीच्या नसेला पोचतं. वरच्या मजल्यावरच्या नळासारखं. खालून जोर असला तर पाणी चढतं, जोर गेला की नळ नुसता फुसफुसतो. झोपेत सगळ्यांचंच बीपी उतरतं. पण झोपताना गोळीचा मारा जास्त झाला तर ते फारच उतरतं. मग डोळ्यातला दाब कितीही चांगला असू दे, ती नस रात्रभर उपाशी राहते.

उपाशी हा शब्द काकूंना लागला. त्या घरातून मांजरही कधी उपाशी गेलं नव्हतं.

"पण बीपी तर वर असतं ना त्यांचं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज त्यांनाच बारीक वाटला.

"तेच बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एक दिवस आणि एक रात्र अंगावर यंत्र बांधून ठेवायचं. ते आपलं आपण बीपी घेत राहतं. तुमच्या डॉक्टरांशी मी बोलते. तोवर गोळ्या मनाने बंद करू नका."

ते यंत्र कमरेला लावायचा पट्टा बघून मास्तरांनी नाक मुरडलं. असली शिवण बघून त्यांना काचबिंदूपेक्षा जास्त यातना झाल्या. घरी येताच त्यांनी उरलेल्या अस्तरातून यंत्राला एक झकास पिशवी शिवली आणि सदऱ्याला नळी जाईल असं एक काज पाडलं. काकूंनी ते काज शिवलं. पट्टा डाव्या दंडावर होता, दर थोड्या वेळाने गुर्रर्र करून फुगायचा, आणि दुकानात आलेल्या बाया दचकून मागे सरायच्या. "मास्तर, पोटात काय ठेवलंय?" म्हणून थट्टा झाली. मास्तर हसत होते. काकूंनीच कापड धरायला उजवीकडे उभं राहायचं ठरवलं, आणि तो दिवस बरा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला. काकू उठल्या, कपाटातून आपलं घरचं यंत्र काढलं आणि मास्तरांपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, एक लावलंय की अंगावर," मास्तर म्हणाले.

"ते त्यांचं. हे आपलं. आजच्या दिवशी चुकवायचं नाही. उजवा हात द्या."

आणि मास्तरांनी उजवा हात दिला. दोन्ही दंडांवर पट्टे बांधून तो माणूस निमूट बसला आणि काकू समोर स्टुलावर बसल्या.

निकालाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पडदा दोघांकडे वळवला. एक रेघ होती, चढत उतरत जाणारी. "हा दिवस," त्या म्हणाल्या. "बघा, छान आहे. अगदी हवं तेवढं. आणि ही रात्र." रेघ खाली गेली होती, आणखी खाली, आणि पहाटेपर्यंत तळाशीच पडून होती. "इतकं खाली जायला नको. मला ही भीती होतीच. पण हे मला कळत नाहीये." त्यांनी बोट ठेवलं. सकाळच्या एका जागी रेघ एकदम ताडमाड वर गेली होती आणि लगेच खाली आली होती. साऱ्या दिवसात तेवढं एकच टोक होतं. "या वेळी काय झालं? जिना चढलात? कुणाशी भांडलात?"

मास्तर छताकडे बघत होते.

"चहा पीत होतो," ते म्हणाले.

"नुसता चहा?"

मग काकू म्हणाल्या, "मी बीपी घेत होते."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर काकूंना बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हळूच विचारलं, "आणि तुमच्या डॉक्टरांकडे यांचं बीपी घेतात, तेव्हा खोलीत कोण असतं?"

"मीच."

"असं होतं पुष्कळांचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यात तुमचा दोष नाही. बीपी यांना आहे, गोळी लागणारच. पण एवढी नाही, आणि झोपताना तर नाहीच." घराजवळच्या डॉक्टरांशी त्या फोनवर बोलल्या. संध्याकाळी आपल्या डॉक्टरांनी रात्रीची गोळी काढली, सकाळची बदलून दिली, आणि तुमच्या आकड्यांवर मी विसंबलो ही माझी चूक, असं काकूंना तोंडावर सांगितलं. सगळे जण काकूंना सांगत होते की चूक आमची. काकूंनी एकाचंही मनावर घेतलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी यंत्र कपाटात सगळ्यात वर, जुन्या चादरींच्या मागे ढकललं आणि काज करायला बसल्या. बोलल्या नाहीत. काकू बोलत नाहीत म्हटल्यावर दुकानातली शिलाई मशीनसुद्धा दबून चालत होती. एवढ्यात नेहमीचे एक लठ्ठ वकील आले, कोर्टात घालायच्या नव्या कोटाचं माप द्यायला. आरशासमोर उभे राहिले आणि त्यांनी सवयीप्रमाणे पोट असं आत ओढलं की चेहरा लाल झाला.

मास्तरांनी टेप गळ्यातून काढलाच नाही. "वकीलसाहेब," ते म्हणाले, "तुमच्या त्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने अखेर जागा सोडली का हो?"

"सोडतोय कसला!" वकीलसाहेब उसळले, पोट सुटलं, हात वर गेले, आणि भाडेकरूच्या सात पिढ्यांचा उद्धार चालू असताना मास्तरांनी छाती, कंबर, पाठ सगळं घेऊन टाकलं.

काकूंची सुई थांबली. हे त्या जन्मभर बघत आल्या होत्या. टेप दाखवला की माणूस खरं माप देत नाही, हे या घरात कुणालाही उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आणि त्याच घरात, पडद्याच्या पलीकडे, त्या रोज सकाळी एका माणसासमोर टेप ताणून बसत होत्या. त्या खोट्या मापावर गोळ्या बेतल्या. त्या गोळ्यांनी त्याच्या डोळ्यांना रात्ररात्र उपाशी ठेवलं.

वकीलसाहेब गेल्यावर त्या उठल्या आणि मास्तरांच्या डावीकडे जाऊन उभ्या राहिल्या. मास्तरांना कळलंच नाही. ते मापं लिहीत होते. काकू हातभर अंतरावर उभ्या होत्या, आणि ज्या माणसाला पडद्यामागून त्यांची चाहूल लागायची, त्याला त्या दिसत नव्हत्या.

"मी केलं हे," काकू म्हणाल्या.

मास्तर दचकले आणि सबंध वळले. काकूंच्या डोळ्यांतून धार लागली होती. दादा गेले तेव्हासुद्धा त्या माणसांसमोर रडल्या नव्हत्या.

"मी तुमचे डोळे घालवले. माझ्या हातांनी गोळी देत होते. आणि वर तुम्हालाच बोलले, थेंब टाळता म्हणून. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत."

"काय बोलणार? तेव्हा मला तरी कुठे माहीत होतं?" मास्तरांनी स्टूल ओढलं आणि त्यांना बसवलं. "आणि घालवले काय म्हणतेस? आहेत की अजून. तुझं नाक लाल झालंय, तेवढं दिसतंय."

"थट्टा नको. मला एक सांगा." काकूंनी पदराने डोळे पुसले. "मला एवढं घाबरता?"

मास्तर खडूशी चाळा करत बसले. नाही म्हणणं त्यांना कधी जमलं नव्हतं आणि हो म्हणणं खरं नव्हतं.

"तुला नाही घाबरत," ते शेवटी म्हणाले. "तुझ्या तोंडाला घाबरतो. तसलं नव्हे गं, रागावू नकोस. पट्टा फुगायला लागला की तू माझ्याकडे जशी बघतेस ना, तशी तू एकदाच बघितली होतीस. मी अस्तर घेऊन दारातून आत आलो तेव्हा. दादाचं डोकं तुझ्या मांडीवर होतं. रोज सकाळी चहा झाला की मला तेच तोंड दिसतं. मग मी मनात म्हणतो, बाबा रे, आज आकडा चांगला येऊ दे, हिला घाबरवू नकोस. मी इतकं म्हणतो, इतकं म्हणतो, आणि तो आपला चढतच जातो."

इतकी वर्षं काकू या माणसाला जपत होत्या, आणि हा माणूस त्याच क्षणी, त्याच पट्ट्याखाली, त्यांना जपत होता. दोघांनी मिळून घोळ घातला होता तो असा. त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला, दंड नव्हे, हात, आणि दुकानात कुणी गिऱ्हाईक येतंय की नाही याची पर्वा न करता तसाच धरून ठेवला.

त्यानंतर घरात काही गोष्टी बदलल्या. कटाईचं टेबल फिरवून लावलं, म्हणजे दार मास्तरांच्या उजवीकडे आलं आणि येणारा माणूस दिसायला लागला. मास्तरांचा शिष्टपणा गेला, अशी बातमी पसरली. कापड अंथरलं की काकू आधी डावीकडून हात फिरवून दुमड बघायच्या आणि मगच कात्री चालायची. रस्त्यातही काकू आता उजवीकडून चालायच्या. चक्कर थांबली. यंत्र मात्र चादरींच्या मागेच होतं. बीपी आपले डॉक्टर बघायचे, काकू बाहेरच्या बाकावर बसायच्या, आणि आत काय आकडा आला ते विचारायचं नाही म्हणून पदराचं टोक चावायच्या.

ठिपक्यांच्या तपासणीची वेळ पुन्हा आली. काकू दाराबाहेर बसल्या. टक. टक. मग काही नाही. काकूंनी डोळे मिटले. टक. पुन्हा काही नाही, पण ते मागच्या एवढंच वाटलं, त्याहून लांब नाही. तरी त्यांनी स्वतःला आशा करू दिली नाही.

"आहे तिथेच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकही नवा डाग नाही. गेलेलं गेलं, ते यायचं नाही. आणि पुढेही बघत राहायला हवं. पण हे असं टिकलं तर कात्री सोडायचं कारण नाही." मग त्या काकूंकडे वळल्या. "आणि घरी बीपी बघायला हरकत नाही बरं का. रोज नको, अधूनमधून. यांना जरा निवांत बसू द्या आणि मग घ्या. सोडून दिलंत म्हणे सगळं."

"नको," काकू म्हणाल्या. "मला नाही जमायचं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला तेव्हा यंत्र टेबलावर होतं. मास्तरांनीच स्टुलावर चढून ते चादरींच्या मागून काढलं होतं, आणि त्यासाठी काकूंची बोलणीही खाल्ली होती.

"लाव," मास्तर म्हणाले.

"तुम्ही आत जाऊन घ्या. मी इथे बसते."

"मला एका हाताने पट्टा येत नाही. लाव म्हणतो ना. आणि तिथे नको बसू. इकडे ये, उजवीकडे. इथे बसलीस तर पुरती दिसतेस."

काकू उजवीकडे बसल्या. पट्टा गुंडाळून त्यांनी नळीचा पीळ सोडवला. बटण दाबलं, पट्टा घुरघुरायला लागला, आणि काकूंनी ठरवून ठेवल्याप्रमाणे तोंडावर हसू आणलं. मोठं, रुंद, दात दिसतील असं. श्वास रोखून त्या तशाच हसत राहिल्या.

मास्तरांनी नीट निरखून बघितलं.

"अगं," ते म्हणाले, "वकीलसाहेबांनी पोट आत घेतल्यासारखी दिसतेस."

काकूंचा श्वास सुटला. त्यांनी तो आवरायचा प्रयत्न केला, आणि मग त्या हसल्या, अशा हसल्या की स्टूल डुगडुगलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि बोलू नका, हलू नका हे सांगायचंही राहून गेलं. दादांच्या थट्टेला त्या तशा हसायच्या. मास्तरांनी ते हसणं किती दिवसांत बघितलं नव्हतं. ते बघत राहिले. उजवीकडून, पुरतं, जेवढं दिसत होतं तेवढं सगळं.

पट्टा कधीच सैल पडला होता. यंत्र एकदा वाजलं.

"आकडा काय आला?" मास्तरांनी कितीतरी वेळाने विचारलं.

काकूंनी खाली बघितलं. कुणी बघत नाही म्हणून यंत्र आपलं आपण विझून गेलं होतं.

"राहिलंच बघायचं," त्या म्हणाल्या, आणि पट्टा सोडवायला लागल्या.